चॅट्सवर्थहून, बाबांच्या केळीबद्दल

शेफील्ड

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, सुट्टीच्या दिवशी मी हिंडते ते रान कुणाच्या मालकीचं? नीट सांगते. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ म्हणून एका ड्यूकचा वाडा आहे, 1549 पासून त्याच घराण्याकडे. वाडा नि बाग बघायला तिकीट लागतं, पण नदीकाठच्या कुरणातून कुणीही फुकट चालावं.

मी बॅझलो गावात बसमधून उतरते आणि डरवेंट नदीच्या कडेकडेने निघते. वरच्या माळावरच्या काळ्या मातीतून येतं म्हणून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. मे महिन्यात मेंढ्यांची कोकरं पायवाटेवरच लोळत असतात. परवा एक कोकरू आईच्या पाठीवर चढून उभं होतं आणि ती निवांत चरत होती! आई, तू असतीस तर तिथून हलली नसतीस.

बघताना सगळं आपोआप उगवलंय असं वाटतं, पण 1760 च्या सुमारास ब्राउन नावाच्या माणसाने हे उतार नि झाडांचे पुंजके मुद्दाम असे मांडले. पुढे 1830 च्या दशकात सहाव्या ड्यूकने वाड्यातून दिसणारी एन्झर गावाची उरलीसुरली घरं पाडून गाव टेकडीआड वसवलं. नवी घरं देखणी आहेत, प्रत्येकाचा घाट निराळा. तरी नजरेला नको म्हणून लोकांची घरं उठवायची, हे मला पटत नाही.

आता खरी गोष्ट. याच ड्यूकच्या पदरी जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी होता. त्याने मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप काचघरात ऊब देऊन वाढवलं आणि 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं. बाहेर कडाक्याची थंडी, आत केळफूल! ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, तेच त्या केळीला मिळालं. बाबा, आपली बसराई त्याच कॅव्हेंडिश गटातली, आता लावलेली ग्रँड नैनसुद्धा. रावेरच्या मळ्यात तुम्ही जन्मभर जिचे घड उतरवलेत, तिच्या नावाचं मूळ इथं आहे. हे कळलं तेव्हा त्या वाटेवर कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं मला. तुम्ही हवे होतात.

म्हणून म्हणते, पुढच्या मे महिन्यात याच. बॅझलोपासून वाड्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांना जड जाणार नाही. वर टेकडीवर 1582 चा शिकारीचा मनोरा आहे, तो चढ आपण सोडून देऊ. पावसाचा मात्र नेम नाही, तेव्हा आई, चपला नकोत, बूटच आण. केळीची कापणी मेमध्ये आली तर काकांना आधीच सांगून ठेवा, आणि पासपोर्टचे फोटो या आठवड्यात काढून घ्या.

तुमची,
वैशू