तीस घटींचं घड्याळ

म्हापसा,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय रमाकांत,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तू विचारलं होतंस, खिशातला फोन सेकंदासकट वेळ दाखवतो, मग चावीच्या घड्याळासाठी लाखो रुपये मोजणारी माणसं कोण आणि ती नेमकं काय विकत घेतात? उत्तर त्याच रात्री लिहायला बसलो होतो. दोन ओळींनंतर लक्षात आलं की मी वाचलेलंच लिहितोय, हाताळलेलं काहीच नाही. म्हणून कागद बाजूला ठेवला. आणि बघ, त्यानंतरच्याच शुक्रवारी तसलं एक घड्याळ माझ्या टेबलावर आलं.

पाऊस असा कोसळत होता की शुक्रवारचा बाजार असून दुकानात कुणी फिरकलं नव्हतं. बंगळूरचे एक गृहस्थ आले, आसगावला कुणाकडे तरी उतरलेले. घड्याळाचा पट्टा एका बाजूने सुटत आला होता. रुमालाची घडी उलगडून त्यांनी ते माझ्या मॅटवर ठेवलं आणि मी हात मागे घेतला. स्वित्झर्लंडच्या उरवेर्क कंपनीचं यूआर-१००. फोटोत शंभरदा पाहिलेलं, पण प्रत्यक्ष कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. पट्ट्याचं काम पाच मिनिटांचं होतं. ते म्हणाले, पाऊस ओसरेपर्यंत मी बसतो, तुम्ही बघा निवांत. रमाकांत, मी तासभर डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. शेजारचा फुलवाला दोनदा डोकावून गेला, "कितें पळयता रे इतलो वेळ?" म्हणजे काय बघतोस इतका वेळ.

काय पाहत होतो ते सांगतो. त्याला तास-मिनिटांचे काटे नाहीत. मधोमध तीन फाट्यांचं एक फिरतं चाक आहे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकेक छोटा तुकडा, त्यावर तासाचे चार-चार आकडे. तीन चोक बारा. ज्या तासाची पाळी असेल तो आकडा खालच्या कमानीवरून शून्यापासून साठपर्यंत सरकत जातो. म्हणजे तास स्वतःच चालत जाऊन मिनिट दाखवतो. साठ झाले की तो कमानीवरून उतरतो आणि मागचा आकडा शून्यावर येऊन उभा राहतो. उतरलेला तुकडा पुढच्या फेरीपर्यंत पाव वळण घेऊन नवा आकडा समोर आणतो. ही पाव वळणाची करामत माल्टीज क्रॉसची. तुला आठवतं, थेटरच्या ऑपरेटरने आपल्याला एकदा केबिनमध्ये घेऊन प्रोजेक्टर उघडून दाखवला होता? फिल्म एकेका चौकटीने ओढणारं ते चार खाचांचं चाक होतं ना, तेच. इथे ते माझ्या करंगळीच्या नखावर मावेल एवढं.

साठावरून उतरलेल्या आकड्याचा बाण काय करतो ते ऐक. तो कडेच्या दुसऱ्या पट्टीवर पुन्हा उगवतो आणि वीस मिनिटांत विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीबरोबर किती फिरला ते दाखवतो, ५५५ किलोमीटर. पलीकडच्या पट्टीवर तेवढ्याच वेळात पृथ्वीने सूर्याभोवती कापलेलं अंतर, ३५,७४० किलोमीटर. मी पावतीपुस्तकाच्या मागे हिशेब केला. म्हापसा साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर, तेव्हा आपल्या वाट्याला वीस मिनिटांत ५३५ किलोमीटरच्या आसपास येतात. बाहेर पावसाची धार, मी स्टुलावरून हललेलो नाही, आणि तेवढ्यात इथून मुंबई गाठावी इतका फिरून आलो! सांगताना आत्ताही अंगावर काटा येतो.

हे घड्याळ दोघांनी मिळून उभं केलंय. फेलिक्स बाउमगार्टनर घड्याळजी, तोही घड्याळजींच्या घरातला, वडील जुनी घड्याळं दुरुस्त करायचे. मार्टिन फ्राय चित्रकार. १९९७ मध्ये सुरुवात झाली, आणि आजही वर्षाला साधारण दीडशेच घड्याळं करतात. सरकत्या तासाची कल्पना मात्र त्यांची नव्हे. सतराव्या शतकात पोप अलेक्झांडर सातवा याला रात्री झोप लागत नसे आणि घड्याळाची टिकटिक सोसत नसे. कांपानी बंधूंनी त्याच्यासाठी आवाज न करणारं रात्रीचं घड्याळ बनवलं. आकडे पत्र्यातून कोरून काढलेले, मागे तेलाचा दिवा, आणि उजळलेला तास अंधारात कमानीवरून सरकत जायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती गोष्ट यांनी मनगटावर आणली. उर हे नाव सुमेरियन लोकांच्या प्राचीन शहराचंही, आणि साठाच्या पटीत मोजायची रीत त्या सुमेरियन लोकांकडूनच आलेली. हे साठ लक्षात ठेव, पुढे त्याचंच काम आहे.

आता तुझा प्रश्न. पैसेवाल्यांच्या मनातलं मला सांगता येणार नाही. भिंगातून जे दिसलं ते सांगतो. ज्या कडेवर कुणाची नजर जाणार नाही तीही घासून आरशासारखी केलेली होती. स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यात फिलिप द्युफूर नावाचे म्हातारे कारागीर आहेत, ते अशा कडा जेन्शन नावाच्या झाडाच्या वाळक्या काडीने घासतात. हे वाचलं तेव्हा मला बाबा दिसले. माडाच्या हिराला टोक काढून ते माणकाचं एकेक भोक साफ करायचे, काडी फिरवून टोक पाहायचे, काळं आलं की पुन्हा नवं टोक, पांढरं येईस्तोवर. दीडशे रुपयांच्या सर्व्हिसिंगला. गिऱ्हाइकाला ते कधी कळणारही नव्हतं. मला वाटतं पैसे त्याचे आहेत: कुणीतरी आपलं आयुष्य तिथे घातलंय, आणि ते उघड दिसतंय. एवढी किंमत असावी का, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण हे काम जगात कुठेतरी व्हायलाच हवं, यावर नाही.

दुसऱ्या एकाचं नाव तुला सांगून ठेवतो, मॅक्स ब्यूसर. वडील स्विस, आई भारतीय. मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून २००५ मध्ये त्याने स्वतःची घड्याळांची कंपनी काढली आणि नावातच मित्रांना घेतलं, एमबी अँड एफ, मॅक्स ब्यूसर आणि मित्र. घड्याळ ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या सगळ्यांची नावं तो जाहीर करतो. त्याच्या २०११ च्या लेगसी मशीन वनमध्ये बॅलन्सचं, म्हणजे घड्याळाची लय राखणारं, भलंमोठं चाक डायलच्या वर, काचेखाली अधांतरी झुलतं. एरवी जे आम्ही मागचं झाकण काढल्यावरच पाहतो ते त्याने समोर आणून टांगलं. आणि त्याची चाल किती? तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. आपल्या एचएमटीच्या जनता घड्याळाची तीच. उरवेर्कचं सेकंदाला आठ, कानाला ते सरसर वाहिल्यासारखं लागतं. जनता कानाशी धर, पाचही ठोके वेगळे ऐकू येतात.

इथून मूळ मुद्द्यावर येतो. बाबांच्या सात जनता माझ्याकडे आहेत. पावसाळ्याच्या दमटीत इथे हेअरस्प्रिंगला, बॅलन्सच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला, गंज धरू शकतो, पण बाबांनी त्या तुपाच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, भाजलेल्या तांदळात ठेवल्या होत्या. सातही स्वच्छ निघाल्या. एचएमटीचे घड्याळांचे कारखाने २०१६ पर्यंत बंद झाले, तेव्हा माझ्याजवळ सात म्हणजे सातच.

त्या रात्री झोप येईना. आपला दिवस साठ घटींचा, घटी साठ पळांची. एक घटी चोवीस मिनिटांची. मग बारा तासांत घटी किती? तीस. मी उठून बसलो. जनताचा तासकाटा बारा तासांत एक फेरी घेतो. मिनिटकाटा काढून टाकला आणि डायलवर बाराऐवजी तीस खुणा केल्या, तर तोच काटा घटी दाखवेल! आतलं एकही चाक बदलायचं नाही. एका काट्याची घड्याळं ब्रेगे नावाच्या घड्याळजीनेही अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये केली होती, पाव किंमत आगाऊ घेऊन. तेव्हा एका काट्यावर वेळ वाचणं अवघड नाही. दोन खुणांमध्ये चोवीस मिनिटं, नजरेने पाव घटी सहज कळते.

घटी सूर्योदयापासून मोजायची. म्हणजे रोज सकाळी पंचांगातली सूर्योदयाची वेळ पाहून काटा शून्यावर आणायचा आणि त्याच वेळी चावी द्यायची. जनताला रोज चावी लागतेच. दोन्ही कामं एका चिमटीत.

कागदाची डायल चिकटवून एक चालवून पाहिलं. पहिल्या दिवशी काटा पुढेमागे झुलायचा. तासाच्या चाकाला डायलखाली जराशी ढिलाई असते; दोन काटे असताना ती कुणाला कळत नाही, एकट्या काट्यात मात्र चार-पाच मिनिटांचा फरक पाडते. पितळेच्या पातळ पत्र्याची चकती कापून मध्ये घातली, आता काटा ठाम आहे. आणि शून्य कुठे ठेवायचं यावर दोन दिवस घालवले. वर ठेवलं तर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, काटा खाली लोंबतो. मग शून्य तळाशी आणलं. सकाळी काटा खालून निघतो, डावीकडून चढतो, पंधरा घटींना भर दुपारी ताठ उभा, आणि उतरत उतरत संध्याकाळी पुन्हा तळाशी. जूनमध्ये आपल्याकडे दिनमान साडेबत्तीस घटींच्या आसपास जातं, तेव्हा दिवेलागणीला काटा तळ ओलांडून थोडा पुढे गेलेला असेल. डिसेंबरात अठ्ठावीसच घटी, तेव्हा तळाच्या थोडा अलीकडे. ऋतू काट्यावर दिसेल, रमाकांत!

काल दुपारी एकला दुकान बंद केलं तेव्हा पावणेसतरा घटी झाल्या होत्या. घरी जेवताना आईला सांगितलं. तिने काही न बोलता हात पुसून घड्याळ कानाशी धरलं.

आता तुझं काम. फेलिक्सला मार्टिन होता. पितळी पाट्यांवर तुझ्यासारखा देवनागरी आकडा कोरणारा मला दुसरा माहीत नाही, आणि छापील आकडे मला यावर नकोत. सोबत एक जुनी डायल पाठवतोय. तिच्या मागचे दोन तांब्याचे पाय सांभाळ, ते मोडले तर ती बसवता येत नाही. तीस खुणा हव्यात, आकडे मात्र पाचाच्या टप्प्याने: तळाशी शून्य, डावीकडे वर जाताना पाच, दहा, माथ्यावर पंधरा, उजवीकडून उतरताना वीस, पंचवीस. पाचाचं पोट आणि आठाचं शेपूट यांचा तुझा वाद माहीत आहे. आठ इथे येतच नाही. खोली कागदाच्या जाडीएवढी पुरे, त्यात मी काळी लाख भरेन. मागच्या झाकणावर आतून दोघांची नावं आणि एक ते सातमधला क्रमांक.

सात घड्याळांपैकी पहिलं तुझं, दुसरं आईचं. उरलेल्या पाचांचं आपण बसून ठरवू. बंगळूरच्या त्या गृहस्थांना कागदी डायलवालं दाखवलं होतं. त्यांनी नंबर लिहून दिलाय, पण मी अजून शब्द दिलेला नाही.

चवथीला येशीलच. गणपतीवर टांगायची माटोळी बांधायला एक दिवस आधी पोच, आणि येताना तुझी सर्वांत बारीक छिन्नी घेऊन ये. इथे मिळतात त्या जाड पडतात. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर

ता.क. डायल पोचली की लगेच कळव. टपालात ओल लागू नये म्हणून मेणकागदात गुंडाळली आहे, उघडल्यावर पाय मोज, दोनच असायला हवेत.