व्हीडनझालहून आल्यावर

हॅनोव्हर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर नाही, तेव्हा शिव्या घातल्याच असशील. पण आज एकदाचा व्हीडनझालला जाऊन आलो आणि मांड्या भरून आल्या असतानाही आधी तुला लिहायला बसलोय. व्हीडनझाल म्हणजे विल्हेल्म बुश ह्या जर्मन चित्रकार-कवीचं गाव. होस्टेलच्या भिंतीवर तू एक पान चिकटवलं होतंस बघ, दोन कार्टी धुराड्यातून गळ सोडून भाजलेल्या कोंबड्या पळवताहेत! ते चित्र ह्याचं, आणि खालचे दोन-दोन ओळींचे यमकी पद्यतुकडेही ह्याचेच. तेव्हा आपल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी हसून पोट दुखायचं.

श्टाटहागनपर्यंत लोकलने गेलो, सायकल डब्यातच होती. पुढे जंगलातला रस्ता. गाव अगदी सरळसोट, एकाच रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेलं. रस्त्याला तोंड करून घर, घरामागे बाग, बागेमागे त्याच घराची शेताची पट्टी, थेट दूरवर गेलेली. मध्ययुगात रान तोडून अशीच गावं वसवायचे म्हणे. आपल्याकडे गावाला पार असतो, चावडी असते. इथे मधोमध असं काही नाहीच. चालत राहायचं.

बुशचं जन्मघर आता संग्रहालय आहे. १५ एप्रिल १८३२ चा त्याचा जन्म, सात भावंडांत थोरला. वडिलांचं वाणसामानाचं दुकान. गावच्या शाळेत एका खोलीत शंभरेक पोरं कोंबलेली असायची, म्हणून नऊ वर्षांच्या विल्हेल्मला मामाकडे धाडला, तिकडे ग्योटिंगनजवळ एबरग्योत्सनला. मामा पाद्री, शिवाय मधमाश्या पाळणारा. घोडागाडीने तीन दिवसांची वाट. तीन वर्षांनी पोरगा पहिल्यांदा घरी आला, तर आईने त्याला आधी ओळखलंच नाही.

हे वाचून मी तिथून लवकर हललो. का ते तुला सांगायला नको. गेल्या दिवाळीत मी दाढी वाढवून दारात उभा राहिलो, तेव्हा आमच्या आईने ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारलं होतं, आणि तू मागे उभा राहून खिदळत होतास.

मामाच्या गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विल्हेल्मची गट्टी जमली ती गिरणीवाल्याच्या पोराशी. त्याचं नाव एरिख बाखमान. पुढे म्हातारपणी बुशने त्या दिवसांबद्दल लिहिलंय. दोघं माती आणि पाणी कालवून अंगभर थापायचे, उन्हात पडून राहायचे, कवच वाळलं की ओढ्यात धुऊन टाकायचे. माक्स आणि मोरित्स, म्हणजे तुझ्या भिंतीवरची ती दोन कार्टी, बेकरीतल्या कणकेत पडतात आणि भट्टीतून खरपूस होऊन निघतात ना, ते वाचताना मला हाच ओढा दिसतो. आणि खरं सांगू, आपला ओढाही दिसतो. म्हशींच्या डबक्यातला चिखल थापून तू ‘मी मारुती’ म्हणत बांधावर बसला होतास, आणि अण्णांनी तुला तसाच कान धरून घरी नेला होता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. शहरातली खोली सोडून गावी जाऊन चित्रं काढावीत का, असं विचारलंस आणि वर मीच बुशचं उदाहरण देईन अशी तुझी खात्री! जाताना मलाही तसंच वाटत होतं. पण बाबा रे, हा माणूस हौसेने परतलेला नाही. वडिलांना इंजिनियर हवा होता. ह्याने हॅनोव्हरचं शिक्षण अर्धवट सोडून चित्रकलेसाठी आधी ड्युसेलडॉर्फ, मग अँटवर्प गाठलं. तिथे १८५३ मध्ये आजारी पडला आणि मुकाट्याने घरी आला. हातात काम नाही, वडील नाराज. त्या रिकाम्या दिवसांत गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, दंतकथा, गाणी ऐकून उतरवून घेत बसला. ते बाड छापलं गेलं तो मेल्यानंतर, १९१० मध्ये. मग वडिलांनी शेवटचे म्हणून पैसे दिले आणि तो म्युनिकला गेला. नाव झालं ते तिथल्या मासिकांतून. ‘माक्स उंड मोरित्स’ १८६५ चं. त्याचे प्रकाशकाकडून एकरकमी हजार गुल्डन मिळाले. पुढे ते पुस्तक किती खपलं! तुझ्या त्या मुखपृष्ठाच्या मानधनाची आठवण झाली की नाही?

गावात तो पुढची कितीतरी वर्षं राहिला, बहीण फानीच्या घरी. तिचा नवरा गावचा पाद्री. तो वारल्यावर तिच्या मुलांकडे ह्यानेच पाहिलं. अधूनमधून म्युनिक, फ्रँकफुर्ट, पण परत इथेच. अखंड सिगरेटी. आणि हजाराहून जास्त तैलचित्रं काढली, जिवंतपणी एकही विकलं नाही! जगाला हसवणारी रेघ वेगळी आणि ही वेगळी. ह्यातून तू जा किंवा जाऊ नकोस, असं काही निघत नाही. एवढंच म्हणेन, गेलास तर म्हाताऱ्यांजवळ बसायला जा. ‘शांतता मिळेल’ म्हणून जाऊ नकोस, आपल्या गावात सकाळी सहाला भोंगा लागतो.

तिकीट खिडकीवरच्या आजींना मी भारतातून आलोय कळल्यावर त्यांनी पुस्तकातल्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. प्रत्येक खोडीच्या शेवटी जी ओळ येते ती इथे पोराटोरांना पाठ असते. येताना सायकलवर तिचं मराठी जुळवत होतो:

ही झाली खोडी पहिली,
दुसरी कुठे लांब राहिली!

जमलंय का? शेवटी गिरणीत माक्स-मोरित्स भरडले जाऊन त्यांचे दाणे होतात आणि ते बदकं टिपतात, त्या जात्याचा आवाज तो ‘रिकेराके, रिकेराके’ असा लिहितो. त्याला आपलं ‘घर्र घर्र’ फारच सौम्य वाटतं. तूच सुचव काहीतरी.

एरिखशी त्याची दोस्ती शेवटपर्यंत टिकली. दोघं एकाच वर्षी जन्मलेले. एरिख १९०७ मध्ये गेला, आणि पाठोपाठ ९ जानेवारी १९०८ ला हा.

अण्णांना नमस्कार. वहिनींना सांग, लोणचं पोचलं आणि संपलंही.

तुझाच,
लंबू

ता.क. सोबत कोरं पोस्टकार्ड पाठवतोय. त्या दोघांचे दाणे टिपणारी बदकं काढून परत पाठव. बदकंच काढ, तुझी नेहमीची बगळ्यासारखी मान नको.