ऑपरेशननंतर काय होतं ते पण छापा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत त्वचेच्या कॅन्सरवर अर्धं पान आलंय ते वाचलं, आणि रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून आज सकाळी लिहायला बसलोय. डॉक्टरसाहेबांनी वेळ काढून लिहिलं त्याबद्दल आभारच आहेत. पण "जागा बधिर करून गाठ काढतात, अर्ध्या तासात पेशंट घरी जातो, घाबरायचं कारण नाही" एवढ्यावर विषय संपवलाय आणि वर फोटो छापलाय तो गोऱ्या परदेशी बाईच्या पाठीवरच्या तिळाचा. आपला पेपर बेळगाव जिल्ह्यात खानापूर, हुक्केरी, निपाणीकडं वाचला जातो, तिथं भात लावणीला चिखलात उतरणाऱ्या बाईला तो फोटो बघून आपल्या पायावरची जखम दाखवून घ्यावी असं कसं वाटेल, सांगा.

आमच्या थोरल्या वहिनीचं सांगतो. लहानपणी चुलीवरचं आधण पायावर सांडून नडगी भाजलेली, तो वण आयुष्यभर तसाच होता. त्या वणावर जखम झाली, भरेना, वास यायला लागला, गावातल्या दवाखान्यात नुसती पट्टी बदलत राहिले. तुकडा काढून तपासू म्हटलं की "हात लावू नका, तुकडा काढला की कॅन्सर पसरतोय" असं सांगणारे प्रत्येक घरात एक. तुकडा तपासल्यानं तो पसरत नाही, उलट तपासल्याशिवाय कुठलं ऑपरेशन करायचं तेच ठरत नाही, ही साधी गोष्ट कालच्या लेखात एका ओळीत सांगता आली असती. शेवटी तपासलं आणि स्क्वॅमस सेल म्हणजे कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर निघाला. जुन्या भाजलेल्या वणात किंवा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत असा कॅन्सर होतो, डॉक्टर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात, आणि उन्हामुळं होणाऱ्यापेक्षा हा जवळच्या लसिका गाठींत (लिम्फ नोड) जायची भीती जास्त म्हणून पायाला असला तर जांघ पण तपासायला लागते.

ऑपरेशनच्या आधी आम्हाला सांगितलं ते एवढंच, छोटं आहे, काळजी करू नका. कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं, वहिनीला वॉर्डात आणलं आणि तिनं बघितलं तर नडगीला पट्टी आहेच, वर मांडीला पण भली मोठी पट्टी. "माझी चांगली मांडी का कापली रे ह्यांनी?" म्हणून जी रडायला लागली ती थांबेचना. दादाला वाटलं मांडीत पण कॅन्सर सापडला आणि आपल्यापासनं लपवलाय. मोठे डॉक्टर निघून गेलेले, विचारायचं कुणाला. रात्रीच्या ड्युटीला एक सिस्टर आली, ती कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं, पण वहिनीच्या कॉटवर बसून तिनं नीट सांगितलं, आक्का, जखमेच्या भोवतीचं चांगलं दिसणारं कातडं पण काढायला लागतंय, मग केवढा खड्डा पडला, टाके घालून तो जवळ येत नाही, म्हणून मांडीवरचं वरवरचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं सोलून तिथं लावलंय, मांडी आपली आपण भरून येणार. पाच मिनिटं लागली तिला हे सांगायला. ही पाच मिनिटं ऑपरेशनच्या आधी कुणी दिली असती तर त्या बाईची ती रात्र तशी गेली नसती, हे मला अजून गिळता येत नाही.

आणि पुढचं तर कुणीच सांगत नाही. कातडं लावलेल्या जागेपेक्षा मांडीच जास्त आग करते, साधारण दोन आठवडे. तिथली पट्टी ओढून काढायची नसते, ती आपोआप सुटू द्यायची. पायावरची ग्राफ्टची, म्हणजे लावलेल्या कातड्यावरची पट्टी साधारण पाचव्या दिवशी उघडतात, तोपर्यंत पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायचं, खाली सोडला तर कातड्याखाली रक्त साचून ग्राफ्ट उचलला जातो. पट्टी उघडल्यावर ते कातडं जांभळं काळपट दिसतं, ते बघून सगळ्यांना वाटतं सडलं, दरवेळी तसं नसतं. जागा खोलगट राहते, रंग वेगळा राहतो, स्पर्श कळत नाही. तंबाखू, मिश्री, बिडी बंद ठेवायची कारण त्यानं रक्तपुरवठा कमी होऊन लावलेलं कातडं धरत नाही. आमच्याकडं पेशंटला भेटायला येणारी माणसंच पानाची चंची उघडून बसतात! रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरना आधी सांगायचं, आपल्या मनानं बंद करायची नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट रिपोर्टची. काढलेला सगळा भाग तपासायला जातो आणि त्याच्या कडेला कॅन्सर आहे की नाही ते बघतात, त्याला मार्जिन म्हणतात, हा रिपोर्ट यायला आठवडा दहा दिवस जातात. कड स्वच्छ आली नाही तर परत ऑपरेशन करून अजून थोडं काढायला लागतं. वहिनीच्या बाबतीत तेच झालं आणि गावभर झालं, डॉक्टरनं फसवलं, पैसे काढायला परत बोलवालेत, पसरलाय आता, कशाला कापून घ्यायचं. ती दुसऱ्यांदा जायला तयारच होईना. असं होऊ शकतं हे पहिल्याच दिवशी कानावर घातलं असतं तर ही वेळ आली नसती. गेली शेवटी, झालं, आता चालते फिरते, दर थोड्या महिन्यांनी पाय आणि जांघ दाखवून येते.

चेहऱ्याचं अजून वेगळं. नाकाच्या, डोळ्याच्या कडेला म्हाताऱ्या माणसांना होतो तो बेसल सेल कॅन्सर, हळू वाढतो, दुसरीकडं सहसा जात नाही, पण जागेवरच खात खात आत जातो. तो काढताना कडेचं चार पाच मिलिमीटर कातडं सोबत घेतात आणि मोठा असला तर नाक भरून काढायला कपाळावरची कातड्याची पट्टी खाली वळवून नाकावर लावतात, ती पट्टी तीन एक आठवडे तशीच जोडलेली लोंबती ठेवून मग दुसऱ्या ऑपरेशननं कापतात. आधी सांगितलं नाही तर माणूस आरसा बघून दवाखान्यातनं पळून जाईल. मोह्स म्हणून एक पद्धत आहे, एकेक थर काढून तिथंच मायक्रोस्कोपखाली बघत जातात, त्याचा लेखात मोठा गौरव केलाय, पण ती सोय देशात मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहे हे नको का लिहायला? आणि मेलॅनोमा, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सगळ्यात वाईट तो, आपल्या लोकांत बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली काळा डाग होऊन येतो. काटा मोडला असेल, नख ठेचलं असेल म्हणून माणूस वर्ष काढतो.

सह्या घेतात त्या कागदाचं पण बोलायलाच पाहिजे. फॉर्म कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, वहिनी शिकली मराठी शाळेत चौथीपर्यंत, दादानं न वाचताच सही केली. त्यात कातडं कुठनं काढणार ते लिहिलेलं होतं म्हणे. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, समजावलं ते कन्नड सिस्टरनंच, पण ज्याचं कातडं काढणार त्याला कळेल अशा भाषेत एक पान छापायला काय हरकत आहे? तसंच सरकारी योजनेच्या कार्डाचं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, इकडच्या कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, दोन्हीकडच्या बातम्या तुम्ही पहिल्या पानावर छापल्या. पण कॅन्सरचं ऑपरेशन बसतं, मग कातडं लावायचं आणि परत कापायचं कुठल्या कार्डात बसतं हे पेशंटनं कुणाला विचारायचं ते एकदा पण छापलं नाही.

आता शेवटचं, आणि ह्याचाच जास्त राग आलाय. त्याच पुरवणीत मागच्या बाजूला जाहिरात आहे, "बिना ऑपरेशन, फक्त लेप लावून जुनी जखम, गाठ, कॅन्सर बरा", खाली फोन नंबर. असल्या जाळणाऱ्या लेपानं वरचं कातडं करपून खपली धरते, घरच्यांना वाटतं भरून आलं, आणि आत कॅन्सर वाढत राहतो. एका बाजूला डॉक्टरांचा लेख आणि पाठीमागं हे, साहेब, वाचणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं? वहिनी दुसऱ्या ऑपरेशनला नको म्हणत होती तेव्हा शेजारच्यांनी तिला असल्याच एका जाहिरातीचं कात्रण आणून दिलं होतं.

ती जाहिरात बंद करा. आणि पुढच्या पुरवणीत एखाद्या प्लास्टिक सर्जनकडनं आणि वॉर्डातल्या सिस्टरकडनं मिळून लिहून घ्या, आपल्या माणसांच्या पायाचे, तळव्याचे फोटो टाकून. जागा कमी पडत असली तर राशीभविष्य एक दिवस काढा.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर तालुका