नव्या पिंजऱ्याची जाळी

पुणे

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पिंजऱ्याचा फोटो मिळाला. सुताराने काम झकास केलंय, वादच नाही. पण जाळी कुठली घातलीस? हार्डवेअरच्या दुकानातली जीआय असेल, तर कॉकाटिल पोपटांची जोडी आत सोडू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

जीआय म्हणजे लोखंडी तारेवर जस्ताचा मुलामा. तारा जिथे जुळतात तिथे जस्ताचे बारीक थेंब गोठलेले असतात, आणि नेमके तेच चोचीला सापडतात. पोटात गेलेलं जस्त पक्ष्याला विषच. ताईच्या चिकू पक्ष्याचं हेच झालं. दिवसभर एकच सांधा कुरतडत बसायचा. मग पिसं फुगवून तळाशी बसून राहिला, खाल्लेलं ओकायला लागला, शी हिरवी आणि पाण्यासारखी. नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाचा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं. पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आत शिरताच विचारलं, "पिंजरा नवा का?" एक्स-रेत पोटाच्या जागी खसखशीएवढे पांढरे ठिपके लखलखत होते.

पक्ष्याच्या पोटात दाणे दळणारी स्नायूंची पिशवी असते, गिझर्ड. खडे तिथे अडकून राहतात, तसे धातूचे कणही राहतात. वरून आम्ल येतं, धातू विरघळतो आणि रक्तात भिनतो. म्हणून नुसतं औषध देऊन भागत नाही. कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं रक्तातला धातू धरून मूत्रपिंडावाटे बाहेर काढतात, त्यासोबत सलाइन लागतं. पण पोटातला कण निघेपर्यंत विष झिरपतच राहतं. चिकू वाचला. दरवेळी वाचतोच असं नाही.

आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खूश व्हायचं नाही. कण विरघळून गेलेला असू शकतो. रक्ताची तपासणी करायलाच हवी. तीही जपून, कारण नळीच्या रबरी बुचातूनच जस्त नमुन्यात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो!

शिसं तर त्याहून वाईट. पाय लुळे पडतात, पंख लोंबतात, झटके येतात. तुमच्या वाड्याच्या खिडक्यांचा रंग किती जुना आहे? घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासूनचा. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. पक्षी मोकळे सोडाल तेव्हा त्या चौकटी, पडद्याच्या तळाची वजनं, गळाची शिसं, सोल्डर केलेलं काहीही, यांपासून लांब ठेवा.

जाळी व्हिनेगरने ब्रशने घासली की चालते, असं तुला कोणीतरी सांगेलच. वरची पांढरी भुकटी निघते, धोका कमी होतो, पण मुलामा तिथेच राहतो. स्टेनलेस स्टीलची घाल. महाग पडते, मान्य. पण उपचाराचं बिल ताईला विचार.

चौकटीचं माप इंचांत कळव, बोहरी आळीत भाव काढतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना