तुझी वाघीण फुटली

प्रिय मित्रा,

तुझी वाघीण फुटली. आपल्या मॉडेल रेल्वेतली मालगाडीची वाघीण, ती तपकिरी, खऱ्या चाळीस फुटी डब्यावरून केलेली, जुन्या पद्धतीच्या हवेच्या, म्हणजे के ब्रेकची. फोन करणार होतो, पण तू "जाऊ दे रे, नवी करू" म्हणून विषय संपवला असतास आणि जे सांगायचंय ते राहून गेलं असतं. म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे. माझी पाठ ठीक आहे, गोळ्या बंद झाल्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, आता ती पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवते. बाकी विशेष नाही.

तर फुटली म्हणजे पडली-आपटली नाही. खोक्यात मऊ कागदात गुंडाळलेली होती. बाहेर काढली तर एक भिंत मधोमध फुगलेली, कोपऱ्याचा सांधा उकललेला आणि फटीतून पांढरी भुकटी. पहिल्यांदा वाटलं बुरशी. बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, सोडवल्या, तळ जरा ओढला तर तो हातातच आला. आत आपण वजनासाठी गोंदात बसवून भरलेले शिशाचे छर्रे होते ना, त्यांचा निम्म्याहून जास्त भाग पांढरा, भुसभुशीत होऊन फुगलाय.

दोष त्या पांढऱ्या गोंदाचा, पीव्हीएचा. तो वाळला तरी त्यातून थोडं थोडं ॲसिटिक आम्ल सुटत राहतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. बंद डब्यात त्याची वाफ जाणार कुठे? ती शिशाला लागते, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड येऊन मिळतात आणि शिशाचा सफेदा होतो. पूर्वी रंगासाठी सफेदा मुद्दाम असाच करायचे, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून, भोवती शेणखत रचून. आणि सफेद्याला मूळ शिशाच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते. एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची भिंत किती तग धरणार! इंजिनांचे बॉयलरसुद्धा यानं फुटलेत, बऱ्याच मॉडेलवाल्यांना हा अनुभव आहे. तेव्हा मात्र सगळेच असं वजन भरायचे, आपल्याला मामांनी शिकवलंही तसंच.

वजनाचा मामांचा हट्ट आठवतो? नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा नियम ते पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे: एचओला, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलला, एक औंस, आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी डबा या मापात साडेपाच इंच, म्हणजे पावणेचार औंस, म्हणजे १०६ ग्रॅम. किटमधल्या लोखंडी पट्टीनं तेवढं भरायचं नाही, म्हणून छर्रे. तू म्हणायचास, "पाच-दहा ग्रॅमनं काय होतंय?" मग लांब गाडी वळणावर ओढली की तुझाच हलका डबा आतल्या बाजूला कलंडायचा आणि मामा काही न बोलता वजनकाटा तुझ्यापुढे सरकवायचे. त्या भांडणात मी मामांच्या बाजूचा होतो, अजून आहे.

ब्रेकच्या भांडणात मात्र कोणीच जिंकलं नाही. तुझं म्हणणं, मूळ खरा डबा १९२७ चा आहे, याला के ब्रेकच हवा, सिलिंडर आणि टाकी एकत्र असलेला. माझं म्हणणं, अमेरिकेत त्याच्या जागी नवा एबी ब्रेक १९३३ पासून आला आणि १९५३ नंतर के ब्रेकचे डबे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर घेतच नव्हते, मग आपण १९५५ सालची म्हणून मांडलेल्या गाडीत हा चालेल कसा? तू चिडून म्हणालास, मग माझी गाडी १९४९ ची! मामांनी दोन किट आणून दोघांपुढे एकेक ठेवलं. आत्ता तुझा तळ उलटा धरून बघितला. तारेच्या नळ्या, दांडे, तरफा, सगळं जागच्या जागी आहे, एक सांधा सुटलेला नाही. ही गोष्ट तुझ्यापर्यंत पोचायला हवी होती.

आता खरी काळजी. माझ्या एबीवाल्यातही तोच गोंद आणि तेच छर्रे आहेत. मामांच्या हॉपरमध्ये, त्या खालून रिकाम्या होणाऱ्या डब्यात, आहेत, दोन्ही टाकीच्या डब्यांत आहेत, त्या हिरव्या बंद डब्यात आहेत. बाहेरून सगळे ठाकठीक दिसतात. व्हर्नियर लावून रुंदी मोजली, टोकाला आणि मध्ये. हिरवा डबा मध्ये ०.३ मिलिमीटर जास्त भरतो, पण ते फुगणं असेल किंवा प्लॅस्टिकचा मूळचाच बाक. उघडून बघायचं तर मामांचे सांधे तोडावे लागतील. ते सांधे नुसते चिकटवलेले नाहीत रे, त्या पातळ सिमेंटनं प्लॅस्टिक विरघळून एकजीव झालंय. बारीक करवत लावली की तेवढी कड कायमची गेली. वरून मामांच्या हातचा रंग, ती डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं. आधी चकचकीत लाख, मग डिकल, मग ती मऊ करून बसवणारा सॉफ्टनर, मग मंद लाख, आणि मधल्या प्रत्येक थराला रात्रभर हात लावायचा नाही. आपण दोघं किती कुरकुर करायचो! पण आजही त्या अक्षरांच्या कडेला चंदेरी झाक नाही, थेट फळ्यांवर रंगवल्यासारखी दिसतात. हे कापायला माझा हात धजत नाही. आणि न कापावं तर आत ती भुकटी वाढत असेल, हा विचार रात्री लाइट घालवल्यावर येतोच.

टाकीच्या डब्यांचं सगळ्यात अवघड. त्यांना तळ नाही, दोन अर्धी नळकांडी जोडलेली. माझ्या मनात आहे की टाकी टेकते त्या खोगिराखाली, मधल्या तुळईच्या आड तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, कोमट पाणी सोडून गोंद मऊ करावा आणि छर्रे एकेक करून काढावेत. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकेल. तुला हे पटतंय का?

गार्डाच्या लाकडी डब्याची चिंता मिटली, तेवढी तरी चांगली बातमी. त्यात काय भरलंय ते आठवेना, म्हणून खालून लोहचुंबक फिरवलं तर टपकन चिकटलं. लोखंडी नटबोल्ट आहेत, शिसं नाही. चुंबक हातात घेतलं आणि डबे जोडणाऱ्या कपलरची स्प्रिंग आठवली. उडाली म्हणून आपण तिघं अर्धा दिवस जमिनीवर रांगत होतो, मामी दारात उभी राहून पोट धरून हसत होती, आणि स्प्रिंग निघाली मामांच्या मिशीत! अजून हसू येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फुटलेल्या वाघिणीच्या तळाला आतून मामांच्या पेन्सिलीचं अक्षर आहे: १०६, आणि खाली तुझं आद्याक्षर. मी भुकटीसकट सगळे तुकडे काट्यावर ठेवले. १११ भरले. पाच ग्रॅम वाढले! वाढणारच, शिसं हवेतून ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन बसलंय. म्हणजे कुठलाही डबा न उघडता नुसत्या वजनावरून कळेल की आत रोग लागलाय की नाही. फक्त मूळ वजन हवं, आणि ती सगळी वजनं मामांच्या निळ्या वहीत आहेत. गोंद पुरता वाळला की दुसऱ्या दिवशी ते वजन करून लिहायचे, ग्रॅमच्या दशांशापर्यंत. ती वही तुझ्याकडे आहे. तू नेलीस तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं नेलीस ते बरं झालं, इथे माळ्यावर राहिली असती तर वाळवीनं खाल्ली असती.

तर वही शोध आणि प्रत्येक पानाचा फोटो पाठव, आकडे नीट दिसतील असे. ज्यांचं वजन वाढलेलं नाही त्यांना मी हात लावणार नाही. ज्यांचं वाढलंय ते उघडीन, पण तू हो म्हणाल्यावरच. मामांचे डबे एकट्यानं कापायचे नाहीत. तू आलास तर उत्तम, नाहीतर व्हिडिओ कॉल लावून ठेवीन आणि तू "अरे, हळू, हळू" ओरडत बस.

तुझी वाघीण मी दुरुस्त करतोय. हातमोजे घालून, ओल्या फडक्यानं सफेदा पुसला, विषारी असतो, कोरडा झाडून उडवायचा नाही. आतल्या पेन्सिलीच्या अक्षराला धक्का लावलेला नाही. वजनाला आता स्टीलची पट्टी घालतो, एपॉक्सीनं. एक बोगी घट्ट आणि दुसरी किंचित सैल, तुला आवडते तशी. भिंत सरळ झाली नाही तर त्या मापाची दुसरी लागेल. तुझ्या सुट्या भागांच्या डब्यात बघशील?

तुझ्या बदलीचं कळलं, मनासारखी झाली ना? धाकटीचा निकाल ऐकून फार आनंद झाला, तिला माझ्याकडून शाबासकी दे. वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

पण आधी वही.

तुझाच