माझ्या उजव्या हातासाठी झटणाऱ्यांचे आभार

गेली दोन वर्षे उजव्या हाताला मुंग्या येऊन मला मध्यरात्री जाग येत असे आणि हात झटकल्याशिवाय पुन्हा झोप लागत नसे. मानेच्या मणक्यांवरचे उपचार निष्फळ ठरल्यानंतर, करंगळी बधिर होते का, एवढा एकच नेमका प्रश्न विचारून आणि माझे मनगट मिनिटभर दुमडून धरून ज्या तरुण डॉक्टरांनी हे ‘कार्पल टनेल सिंड्रोम’, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा विकार, असावे असे ओळखले, त्यांची मी कायमची ऋणी आहे. त्या नसेतून संदेश जाण्याचा वेग मोजण्याच्या तपासणीत विजेच्या प्रत्येक झटक्याआधी मला सांगणाऱ्या तंत्रज्ञ ताईंचेही मनःपूर्वक आभार.

बोटे वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि ही नस मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून जातात, त्याच्या छतासारखा असलेला जाड पट्टा कापून नसेवरचा दाब दूर करायचा, हे शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजावले होते. त्यामुळे केवळ हाताला भूल देऊन शस्त्रक्रिया होत असताना मला भीती वाटली नाही. टाके निघेपर्यंत १२ दिवस माझी वेणी घालणाऱ्या आणि न सांगता पोळ्या आणून ठेवणाऱ्या शेजारच्या काकूंचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. अंगठ्याच्या मुळाशी झिजलेला स्नायू अजून पुरता भरलेला नाही, परंतु काल मी सुईत दोरा ओवला.