सुप्याच्या शेतकऱ्याला अजून ‘दंगेखोर’च म्हणायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मेच्या अंकात आपल्या ‘दिनविशेष’ सदरात एक ओळ होती : ‘१८७५ – पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे.’ तारीख बरोबर, गाव बरोबर. शेवटचा शब्द मात्र खटकला, आणि पंधरा दिवस झाले तरी जाईना, म्हणून हे पत्र.

मी एका बँकेच्या कर्जविभागात चौतीस वर्षं काढली. कर्जाचा कागद माणसाचं काय करतो, ते टेबलाच्या सुखाच्या बाजूला बसून पाहिलं. मूळचा दौंडकडचा, म्हणजे जुन्या भीमथडी तालुक्यातला. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं.

घरी पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतला एक जुना रोखा आहे. आम्हाला कुणालाच वाचता येत नव्हता. नात्यातली एक मुलगी मोडी शिकली, तिनं वाचून दिला. आमच्या कुणा पूर्वजानं सावकाराकडून साठ रुपये घेतल्याचा तो कागद. खाली सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’ असं लिहिलंय आणि शेजारी एक वेडावाकडा नांगर काढलाय. अक्षर येत नसे, तेव्हा कुणबी सहीऐवजी नांगर काढायचा. हा रोखा वरून खालपर्यंत फाडलेला आहे. पैसे फिटले की सावकार असा फाडून परत देई. फिटला म्हणूनच तो आमच्या ट्रंकेत आला. ज्यांचा फिटला नाही त्यांचा सावकाराच्या पेटीत राहिला, आणि बुधवारी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या भर बाजारात त्यातले कितीतरी जळाले.

त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला जमली आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेली. धान्य, कापड लुटलं गेलं, काही घरं पेटली, हे खरं आहे. पण जमावाची पहिली मागणी होती ती कागदांची. वह्या आणा, रोखे आणा. जिथं सावकारानं कागद काढून दिले, तिथं पुष्कळदा लोक तेवढ्यावर परत फिरले. माणसांवर हात उचलल्याची उदाहरणं मोजकी आहेत. लुटायलाच आलेला माणूस आधी वही मागत नाही.

कागदावरच राग का, हे समजायला १८५९ चा मुदतीचा कायदा बघावा लागतो. रोख्याची मुदत त्यानं तीन वर्षांवर आणली. हेतू म्हणे व्याज साचू नये हा. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला आणि जुनं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल ठरू लागलं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. नव्या रोख्यात व्याजच मुद्दल होऊन बसलं, मग दामदुपट लावणार कशाला? शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण पुढं सरकारी चौकशीतच निघालं. आणि दिवाणी कोर्टात न्यायाधीश काय बघणार? कागद आणि खालचा नांगर. त्या कागदामागं खरं काय घडलं, हे विचारायची सोयच नव्हती.

वर सरकारचा शेतसारा होता, तोही रोख भरायचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस विलायतेत जाईना, म्हणून १८६१ नंतर इथल्या कापसाचे भाव चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ ला ती लढाई संपली, भाव कोसळले आणि उसनवारी आटली. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, सारा नव्यानं ठरवायला जमिनींची फेरपाहणी सुरू झाली आणि ठिकठिकाणी सारा दीडपट, काही गावांत दुप्पट झाला. सारा भरायला पैसा हवा, पैसा सावकाराकडे, आणि सावकाराच्या पाठीशी कोर्ट.

हे सगळं अचानक भडकलं असंही नाही. आदल्या वर्षी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर कोर्टातून दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला काढलं. गावानं आधी समजावलं. ऐकेना, तेव्हा बहिष्कार घातला. न्हावी जाईना, धोबी जाईना, घरात गडी राहीना, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. बहिष्कार गावोगाव पसरला आणि पुढं सुपे झालं.

नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या रयतेनं नगरच्या कलेक्टरला दिलेला अर्ज तर आजही वाचवत नाही. उधारीवर कापड-धान्य घ्यायचं तर रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त मोजा. खळ्यावरचा माल सावकार ‘खात्यात जमा करतो’ म्हणून नेतो, जमा काही करत नाही, पावतीही देत नाही. दंगेखोर असे अर्ज लिहीत बसतात काय?

सरकारनं फौज आणली, शेकडो लोकांना धरलं, गावांवर पोलीस ठाणी बसवली. १८५७ ताजं होतं, म्हणून वरून दट्ट्या आला आणि चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या नावातच ‘दंगे’ होते. १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला. निष्कर्ष काय, तर साऱ्याचा दोष नाही, दोष सावकाराचा. वाढवलेल्या साऱ्यातून सरकार अलगद बाहेर. आपण दरवर्षी ‘सावकारांविरुद्ध दंगे’ छापतो, तेव्हा तोच निकाल पुन्हा वाचून दाखवतो.

आता दुसरी बाजू. लोकांनी धरलं ते मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना. सावकारी करणाऱ्या गावच्या ब्राह्मणांना फारशी तोशीस लागली नाही. परक्यावर हात टाकणं सोपं असतं, हा त्या उठावाचा डागच आहे आणि तो झाकू नये. सावकार म्हणजे राक्षस असंही मला म्हणायचं नाही. वसुलीला मीही गेलोय. पण सावकारी आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून होती. ती इतकी फोफावली ती सावकाराच्या रोख्यामागं इंग्रजांचं कोर्ट उभं राहिल्यावर.

आणि तो दंगाच होता, तर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा कशासाठी आला? कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नाही आणि कोर्टानं रोख्याच्या मागं जाऊन व्यवहार मुळापासून तपासावा, हे त्या कायद्यानं मान्य केलं. सुप्याच्या बाजारात लोक चार वर्षं आधी तेच सांगत होते.

‘शिपायांचं बंड’ हे नावही साहेबाचंच होतं. ते आपण कधीच टाकलं, आज शाळेतलं पोर ‘१८५७ चा उठाव’ म्हणतं. शेतकऱ्याच्या वाट्याचं नाव मात्र दीडशे वर्षांनीही जसंच्या तसं. माझा मेहुणा म्हणतो, नावात काय ठेवलंय. त्याच्या सातबाऱ्यावर नाव चुकलं होतं तेव्हा तीन वर्षं तलाठ्याकडे खेटे घालत होता, ते मी त्याला आठवण करून दिलं.

पुढच्या १२ मेला त्या ओळीत ‘दंगे’ऐवजी ‘शेतकऱ्यांचा उठाव’ छापावं, एवढीच विनंती. जागा थोडी जास्त लागेल, तेवढी द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, दौंड